बोका घरभर पिचकाऱ्या मारतो आणि हातात पैसे थोडे: आधी कशावर खर्च करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: बोका चौदा महिन्यांचा, पिल्लू असताना जिन्यात सापडलेला. भाड्याच्या दोन खोल्या. तीन आठवड्यांपासून तो पडद्यावर, कपाटाच्या बाजूवर आणि दाराशी काढलेल्या बुटांवर उभ्याने धार मारतो. खाणंपिणं ठीक, खेळणं ठीक, एरवी शू-शी ट्रेमध्येच करतो. वास आता बाहेरपर्यंत जातो आणि घरमालकांनी एकदा टोकलंही आहे. व्हिनेगर मारून झालं, लिंबाच्या साली ठेवून झाल्या. शेवटचं वाक्य असं: "ऑपरेशन परवडणार नाही, म्हणून एखादा स्वस्तातला उपाय सांगा."

स्वस्तातला उपाय ऑपरेशनच आहे, म्हणजे नसबंदी, बोक्याची वृषणं काढून टाकणं. हे ऐकून तुमचा विरस होईल, पण वीसेक वर्षं मांजरं तपासताना मी एकच क्रम पुन्हा पुन्हा पाहिला आहे. लोक आधी सुगंधी फवारे आणतात, मग मांजर दूर ठेवणारं काहीतरी, मग मांजराला शांत करणारा गंध सोडणारं, भिंतीत लावायचं यंत्र, मग नवा पडदा, मग नवी गादी. सहा-आठ महिन्यांनी, तेवढ्या पैशात दोन बोक्यांची नसबंदी झाली असती एवढं घालवून, शेवटी ऑपरेशनलाच येतात. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन, असला हा प्रकार. म्हणून जेवढे पैसे आहेत तेवढे एका ठिकाणी घाला. बाकी जे सांगणार आहे त्यात पैसा फारसा नाही, मेहनत आहे.

पण त्याआधी एक खात्री करा, कारण ती चुकली तर पुढचं सगळंच चुकतं. तो खरंच पिचकारी मारतो की नुसता भलत्या जागी मुततो? दोन्हींचा वास तुम्हाला सारखाच येईल, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

पिचकारी मारणारा बोका एकदा नीट बघा. तो पडद्यापाशी येतो, आधी हुंगतो. कधी तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ मागे ओढून क्षणभर तसाच थांबतो. वास टाळूच्या वरच्या अवयवाकडे पोचवायची ती त्याची रीत. मग पाठ वळवतो. शेपटी काठीसारखी उभी, फक्त टोक थरथरतं. मागचे पाय जागच्या जागी, तालात कणीक तुडवल्यासारखे हलतात. एक-दोन सेकंदांत मागच्या बाजूला बारीक फवारा उडतो, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, म्हणजे दुसऱ्या मांजराच्या नाकाच्या पातळीला. तिथून ओघळ खाली येतो. उकरणं नाही, झाकणं नाही. काम झालं की साहेब निघून जातात. उलट नुसतं मुतणारं मांजर खाली बसतं, सपाट जागा निवडतं, जसं की गादी, पायपुसणं, कपड्यांचा ढीग. आणि तिथलं थारोळं मोठं असतं.

(काही बोके तुम्ही घरी आलात की शेपटी उभी करून तस्सेच थरथरतात, पण बाहेर काहीच पडत नाही. ते प्रेम आहे. त्यांना ओरडू नका.)

तुमच्या वर्णनावरून, उभा पृष्ठभाग, उभ्याने धार आणि ट्रे नीट वापरणं यावरून, ही पिचकारीच वाटते. तरी मोबाइल कपाटासमोर टेकवून एक रात्र चित्रण करा. हा सल्ला मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाईंनी त्यांचा नसबंदी झालेला बोका आणला. 'भिंतीपाशी करतो' म्हणाल्या. भिंत हा शब्द ऐकूनच मी पिचकारी ठरवून टाकलं, आणि खिडक्या झाका, खेळवा वगैरे प्रवचन देऊन त्यांना पाठवलं. दहा दिवसांनी त्यांनी चित्रण दाखवलं, तर बोका भिंतीला अंग टेकवून खाली बसला होता, कुंथत होता आणि चार थेंब पडत होते. मूत्राशयाला सूज. दहा दिवस त्या जिवाला उगाच दुखलं. तेव्हापासून मी आधी चित्रण मागतो, मग तोंड उघडतो.

आणि त्याच ओघात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, मागचा भाग सतत चाटतो आणि शू होतच नाही किंवा थेंबथेंब होते, असं दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याला तत्काळ दवाखान्यात न्या. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो खड्यांनी किंवा चिकट गाळाने बुजतो. रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाची लय बिघडते. एक-दोन दिवसांत बोका जाऊ शकतो. सकाळपर्यंत वाट बघू, असं इथे चालत नाही. पैशाचं नंतर बघता येतं. बहुतेक डॉक्टर हप्त्यांत द्या म्हटलं तर ऐकतात. विचारायला लाजू नका.

आता मूळ मुद्दा. चौदा महिन्यांचा, नसबंदी न झालेला नर म्हणजे काय, तर वयात आलेला आणि इलाका मांडायला निघालेला गडी. त्याच्या मुतात फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. मादीपेक्षा आणि नसबंदी झालेल्या बोक्यापेक्षा धडधाकट नरात ते कितीतरी जास्त, कारण त्याचं प्रमाण टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे वृषणांत तयार होणाऱ्या नर-हार्मोनवर, चालतं. ताजं असताना त्याला फारसा वास नसतो. बाहेर पडल्यावर ते हळूहळू मोडतं, त्यातून गंधकाचे उडून जाणारे पदार्थ तयार होतात आणि ते वास मारू लागतात. म्हणूनच आज पुसलेली जागा परवा जास्त घाण येते आणि तुम्हाला वाटतं, याने परत मारली. कधी मारलेली असते, कधी जुनीच बोलत असते. त्याच्या दृष्टीने ती पाटी आहे: कोण राहतो, कधी येऊन गेला, कुठल्या अवस्थेत आहे. पाटी पुसट झाली की तो पुन्हा रंगवतो. तुमच्यावर राग काढणं, सूड घेणं, 'मुद्दाम करतो' यातलं काहीही नसतं.

नसबंदीने यातला इंजिनाचा भागच बंद होतो. १९७३ साली हार्ट आणि बॅरेट या अमेरिकी संशोधकांनी ४२ प्रौढ बोक्यांची नसबंदीनंतरची वागणूक तपासली होती. पिचकाऱ्या ७८ टक्के बोक्यांत झपाट्याने कमी झाल्या आणि आणखी ९ टक्क्यांत हळूहळू. म्हणजे दहातले जवळजवळ नऊ. हे सगळे वयात आल्यावर केलेले बोके होते हे लक्षात घ्या, कारण 'आता सवय लागली, आता काय उपयोग' हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. उपयोग आहे. लवकर केली तर अर्थात जास्त चांगलं. चार-पाच महिन्यांचा असताना, म्हणजे वयात यायच्या आधीच केली, तर बहुतेक बोके ही विद्या शिकतच नाहीत. तुमच्याकडे तीन आठवड्यांचाच इतिहास आहे. माझ्याकडे येणाऱ्यांच्या मानाने तुम्ही फार लवकर विचारलंत.

खर्चाचं बघू. नराचं ऑपरेशन मादीच्या मानाने खूपच छोटं असतं. पोट उघडावं लागत नाही, काही मिनिटांत होतं, पुष्कळदा बाहेरून टाकाही नसतो आणि बोका त्याच दिवशी घरी येतो. त्यामुळे ते मादीपेक्षा स्वस्तही असतं. बरेच लोक एका दवाखान्यात मादीचा आकडा ऐकून घाबरतात आणि पुढे चौकशीच करत नाहीत. तीन ठिकाणी विचारा: प्राणिकल्याण संस्थेची सवलतीची शिबिरं, पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं शिकवणीचं रुग्णालय, आणि तुमचा नेहमीचा डॉक्टर. विचारताना 'बोक्याची नसबंदी' असं स्पष्ट म्हणा आणि त्यात भूल, वेदनाशामक आणि नंतरची एक तपासणी धरली आहे का, हेही विचारा. वेदनाशामक वगळून कोणी स्वस्त आकडा सांगत असेल तर ती बचत नको. जिन्यात सापडलेलं मांजर आहे हेही सांगा. भटक्या मांजरांसाठी राखलेली सवलत कधी कधी लागू होते.

ऑपरेशननंतर लगेच चमत्कार होत नाही. टेस्टोस्टेरॉन काही दिवसांत उतरतं, पण वागणूक सावकाश बदलते. बऱ्याच बोक्यांत दोन-चार आठवड्यांत फरक दिसतो, काहींना काही महिने लागतात. पहिले काही आठवडे तो मादीला गाभण ठेवू शकतो, तेव्हा बाहेर सोडू नका. खाणं मात्र बेताचं करा. नसबंदीनंतर शरीराची गरज साधारण पाव भागाने कमी होते आणि भूक वाढते. वाटी तीच ठेवलीत तर वर्षाने मला वेगळ्याच तक्रारीसाठी भेटाल. नसबंदीने मूत्रमार्ग आकसतो आणि म्हणून खडे होतात, ही भीती कुणी घातली असेल तर सोडून द्या. मोजून पाहिलं तेव्हा तसा फरक आढळलेला नाही. लठ्ठपणा आणि कमी पाणी पिणं यांचा धोका मात्र खरा आहे.

इथे एक आडवाट. कुणाकडून 'नसबंदी झालेला' म्हणून घेतलेला बोका जोरात पिचकाऱ्या मारत असेल आणि मुताला तोच उग्र दर्प असेल, तर एक वृषण पोटात राहिलेलं असू शकतं. बाहेर दिसत नाही, पण हार्मोन तयार करत राहतं. ते ओळखायची एक खूण डॉक्टर बघू शकतात: धडधाकट नराच्या लिंगावर बारीक काटे असतात आणि नसबंदीनंतर साधारण दीड महिन्यात ते जातात. काटे शाबूत असतील तर काम अर्धं राहिलंय. असा एक भुऱ्या माझ्याकडे तीन घरं फिरून आला होता. तिन्ही घरांनी त्याला वाईट वळणाचा ठरवलं होतं.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत आणि त्यानंतरही, साफसफाई. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं. व्हिनेगर तुम्ही मारलंत. त्याने अमोनियाचा भाग थोडा दबतो, पण चिकटून बसलेली प्रथिनं आणि स्निग्ध अंश निघत नाहीत. तुमच्या नाकाला बरं वाटतं, त्याच्या नाकाला पाटी तशीच वाचता येते. अमोनियाचं काहीही नको, मुताच्या वासात भरच पडते. ब्लीच तर अजिबात नको: मुतातल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की विषारी वायू निघतो, तोही बंद खोलीत. फिनाइलही नको. मांजराच्या यकृताला फिनॉलची जातकुळी पचवता येत नाही. ओल्या फरशीवरून चालून त्याने पंजे चाटले तरी पुरे.

चालतं ते साधं आहे. कपडे धुण्याची एन्झाइमवाली, म्हणजे डागातली प्रथिनं मोडणारी, पावडर घ्या. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. एक भाग पावडर, नऊ भाग कोमट पाणी. कडकडीत पाण्यात एन्झाइम मरतात, मग नुसता फेस उरतो. ओल्या फडक्याने डाग भिजवा, दहा-पंधरा मिनिटं ओलाच राहू द्या, मग चोळा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसून पावडरचा अंश काढा. पूर्ण वाळू द्या. त्यानंतर स्पिरिट, जखम पुसायला वापरतात ते, फडक्यावर घेऊन फिरवा आणि पुन्हा वाळू द्या. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा गॅस बंद, खिडकी उघडी आणि बोका दुसऱ्या खोलीत. कपाटाला पॉलिश असेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात बोटभर जागेवर करून बघा, कारण रंग उतरू शकतो. घरमालकांचं कपाट असेल तर नक्कीच बघा.

कुठे पुसायचं हे कसं पुसायचं याच्याइतकंच महत्त्वाचं. डाग दिसतो त्याच्या दुप्पट जागा घ्या. तुमच्या कपाटाचंच उदाहरण: फवारा बाजूवर पडतो, ओघळ खाली येतो, फळीच्या खालच्या कडेला थेंब लोंबून सुकतो आणि बाकीचं फळी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जातं. मी एकदा एका घरी वाकून टेबलाच्या आडव्या दांडीखालून बोट फिरवलं तर बोटाला मधासारखा पिवळा चिकट थर लागला. घरच्यांनी वरची बाजू सहा महिने रोज पुसली होती. दांडी कोणी उलटी करून पाहिलीच नव्हती. तुमचं कपाट भिंतीपासून हातभर ओढा आणि मागे बघा. शक्य असेल तर एक छोटी अतिनील विजेरी कुणाकडून उसनी आणा. अंधारात जुने डाग फिकट हिरवट-पिवळे चमकतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा बसायला खुर्ची जवळ ठेवा.

पडदा त्याच एन्झाइमवाल्या पावडरीत तासभर भिजवून धुवा आणि काही आठवडे वर बांधून ठेवा. लटकता कापडी पडदा म्हणजे त्याला हातात दिलेला फळा. गादीत किंवा जाड सोफ्यात मुरलं असेल तर वरवर पुसून भागत नाही. जेवढं मूत आत गेलंय तेवढंच पावडरचं पाणी आत जायला हवं, मग टॉवेल अंथरून वर उभं राहून शोषून घ्यायचं, साध्या पाण्याने तेच पुन्हा, आणि कडक उन्हात वाळवायचं. वेळखाऊ आहे, पण गादीपेक्षा स्वस्त.

साफ केलेली जागा रिकामी सोडू नका. मांजर जिथे जेवतं, झोपतं तिथे सहसा खूण करत नाही. कपाटाची बाजू वाळली की त्याची खाण्याची वाटी तिथे सरकवा किंवा त्याचं आवडतं पांघरूण टाका. आणखी एक फुकटचा प्रयोग आहे. मऊ सुती फडकं घेऊन त्याच्या गालांवर, हनुवटीखाली हळुवार चोळा आणि तेच फडकं त्या कोपऱ्यावर, त्याच्या नाकाच्या उंचीला, रोज एकदा फिरवा. गाल घासून मांजरं 'ही जागा ओळखीची' अशी वेगळी, निवांत खूण करतात. या खुणेतल्या गंध-रसायनाला फेरोमोन म्हणतात, आणि बाजारात मिळणारी फेरोमोनची यंत्रं त्याचीच नक्कल वापरतात. फडक्याचा कधी उपयोग होतो, कधी नाही. फुकट आहे म्हणून सांगतो. तो चोळून घ्यायला तयार नसेल तर जबरदस्ती करू नका, सगळंच उलटं होईल.

मग येतो बाहेरचा बोका. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण जागा बघून मला शंका आहे: पडदा म्हणजे खिडकी, बूट म्हणजे दार. घराच्या कडेच्या जागांवर, म्हणजे खिडक्या, दारं, बाल्कनीची कड इथे पिचकाऱ्या असतील तर बहुधा बाहेर कोणीतरी येऊन बसतं आणि आतला त्याला उत्तर देतो. घराच्या मध्यावर, तुमच्या पलंगावर, जिन्याच्या वळणावर असतील तर भांडण घरातल्याच मांजरांशी असतं. हा नियम अगदी पक्का नाही, पण मी घरात शिरल्यावर आधी हेच बघतो. रात्री दिवा बंद करून खिडकीपाशी पाच मिनिटं उभे राहा. समोरच्या कठड्यावर कोणी बसलेलं दिसलं तर कारण सापडलं.

उपाय कागदाचा आहे. काचेच्या खालच्या दोन फुटांवर पांढरा अर्धपारदर्शक कागद चिकटवा, जुनं वर्तमानपत्रही चालेल. उजेड येतो, शेजारचा गुंड दिसत नाही. खिडकीशी उडी मारून चढायची खुर्ची तिथून हलवा आणि बघायला दुसरी खिडकी द्या, जिथून झाड, पक्षी, रस्ता दिसेल. बाहेरच्या मांजरांना तुम्ही दाराशी खाऊ घालत असाल तर ते बंद करा असं मी म्हणणार नाही, पण ती जागा दारापासून लांब न्या. आणि दाराच्या बाहेरच्या बाजूवरही बाहेरचा बोका मारत असेल. तो डागही पुसावा लागतो, तो आपल्या बोक्याचा नसला तरी.

ट्रेबद्दल थोडक्यात. तुमचा बोका ट्रे वापरतो, तरीही दुसरा ट्रे ठेवा, कारण ट्रे वाढवणं आणि स्वच्छ ठेवणं याने पिचकाऱ्याही थोड्या कमी होतात. मांजरं जितकी त्यापेक्षा एक ट्रे जास्त, आणि वेगवेगळ्या जागी. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशेबात एकच. महागडा बंद डबा नको. सामान भरायचा मोठा प्लॅस्टिकचा खोका घ्या, लांबी बोक्याच्या दीडपट, एका बाजूची भिंत अर्धी कापा आणि कड सँडपेपरने घासा. चाळून उन्हात वाळवलेली बारीक वाळू, दोन-तीन बोटं जाड. सुगंधी काहीही नको. रोज दोनदा उपसा. झालं.

घरात एकापेक्षा जास्त मांजरं असती तर हे उत्तर दुप्पट लांब झालं असतं. कारण मांजरांचं भांडण बहुधा आवाजाविना चालतं: एक जण दारात आडवा पडून नुसता बघत राहतो आणि दुसरा ट्रेपर्यंत पोचतच नाही. तुमच्याकडे एकटाच आहे, तेव्हा सोडून देतो. एवढंच, की या वासाला कंटाळून 'त्याला सोबत आणू' असा विचार चुकूनही करू नका. मांजरं वाढली की पिचकाऱ्या वाढतात.

एकट्या तरुण बोक्याचा उरलेला प्रश्न कंटाळ्याचा असतो. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, दोरीच्या टोकाला चिंधी बांधून त्याला पळवा, शेवटी ती पकडू द्या आणि लगेच जेवायला द्या. शिकार, जेवण, झोप हा त्याचा क्रम. जमेल तर रोज ठरलेल्या वेळी. पुठ्ठ्याचे खोके आणि कपाटावर चढायची वाट हेही लागतं, आणि दोन्ही फुकट आहे.

करू नका त्यांतलं एकच सविस्तर सांगतो. रंगेहाथ पकडला तरी पाणी मारणं, ओरडणं, नाक डागावर घासणं नको. तो त्यातून 'इथे करायचं नाही' शिकत नाही, 'हा माणूस असताना करायचं नाही' एवढंच शिकतो. शिवाय ताण वाढला की खुणा वाढतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. शेपटी उभी होताना दिसलीच तर दुसऱ्या बाजूला चिंधी फेका, लक्ष जाईल. डांबरगोळ्या आणि टी ट्रीसारखी उग्र तेलं मांजराला विषारी आहेत, कोपऱ्यात ठेवायची नाहीत. आणि स्वतःच्या औषधांतली कुठलीही गोळी त्याला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते.

नसबंदी होऊन तीन-चार महिने झाले, डाग खरोखर निघाले, खिडकी झाकली, तरी चालूच असेल तर? वेळेत नसबंदी केलेल्यांतही दहात साधारण एक बोका असा निघतो. मग डॉक्टरांशी गोळ्यांबद्दल बोला. फ्लुऑक्सेटीन आणि क्लोमिप्रामिन ही दोन औषधं यासाठी वापरली जातात, पुष्कळांना लागू पडतात, आणि माणसांचीच जुनी औषधं असल्यामुळे जेनेरिकमध्ये महाग नाहीत. मात्रा फक्त डॉक्टरांनी ठरवायची, आधी रक्ततपासणी करून. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि एकदम थांबवलं तर बरेच बोके पुन्हा सुरू करतात. फेरोमोनचं यंत्र घ्यायचं असेल तर तेही याच टप्प्यावर, आधी नाही. त्याच्या नळकांड्या दर महिन्याला बदलाव्या लागतात आणि तुमच्यासारख्याच्या खिशाला तीच गळती असते.

एक वही ठेवा. तारीख, जागा, किती वेळा. पिचकाऱ्या एकदम शून्यावर येत नाहीत, आठवड्याला बारावरून पाच, पाचावरून एक अशा उतरतात, आणि वास सारखाच येत असल्यामुळे उतरताना कळत नाहीत. वही नसेल तर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही म्हणाल, काहीच फरक नाही. घरमालकांना दाखवायलाही ती वही बरी पडते. ऑपरेशनची तारीख वर लिहा.

बुटांचं राहिलंच. बाहेरून येताना तुम्ही तळव्यांना इतर मांजरांचा वास घेऊन येता आणि तो थेट त्याच्या दाराशी ठेवता. घरात शिरल्याबरोबर बूट झाकणाच्या खोक्यात टाका. ज्या जोडावर त्याने मारली आहे त्याच्या नाड्या आणि आतले तळ काढून एन्झाइमच्या पाण्यात वेगळे भिजवा, बूट तीन-चार दिवस उन्हात. कापडी असेल तर वाचेल. चामड्याचा असेल तर मी तरी अजून एकही वाचलेला पाहिला नाही.